सोडून दिलेला मासा

कार्तिकात पैनगंगा ओळखू येत नाही. आषाढ-श्रावणातलं गढूळ पाणी निवळलेलं असतं, काठचे खडक उघडे पडलेले असतात आणि सोयाबीन निघाल्यामुळे रिकाम्या झालेल्या वावरांतून नजर थेट नदीपर्यंत पोचते. आम्ही भोई. रिसोड तालुक्यात नदीकाठी आमचं घर. पावसाळा सरल्यानंतरचे हे दिवस आमच्या धंद्याचे. मी शाळामास्तर झालो, जाळं भावाकडे राहिलं. पण मरळ कुठल्या कपारीत बसते, वाम कोणत्या चिखलात सापडते, हे मला अक्षरांच्या आधी कळलं.

भावाचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. दसऱ्याच्या सुमारास तो हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जातो. या दिवाळीला त्यानं आपली गळाची काठी घरी आणली आणि पैनगंगेवर चालवून दाखवली. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. बारीक आकड्यावर पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेला खोटा किडा. दोरीच्याच वजनावर तो लांब फेकायचा आणि पाण्यावर असा टेकवायचा की माशाला शंका येऊ नये. त्या आकड्याला उलटा काटा नसतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघू नये म्हणून तो हात आधी ओले करतो, मासा पाण्याबाहेर फार वेळ ठेवत नाही, आणि सोडून देतो. मला म्हणाला, “काकाजी, माझ्या हातून एकही जीव जात नाही. बाबांच्या जाळ्यात किती जातात?”

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. आमच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या हाच प्रश्न लोकांच्या नजरेतून विचारला गेला आहे. मारणारा आणि सोडणारा, यांच्यात पापी कोण?

पुतण्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ट्राउट हा आपल्याकडचा मासा नव्हे. इंग्रजांनी एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावर त्याची अंडी विलायतेहून आणून काश्मिरात वाढवली, तिथून तो हिमालयातल्या इतर थंड नद्यांत गेला. त्याला धरायचं तर पाण्यावर त्या घडीला कोणता किडा उडतो आहे, हे ओळखावं लागतं. त्यासाठी नदीचं निरीक्षण लागतं, आणि ते पुतण्याकडे आहे. कावेरीवर महसीर धरून सोडणाऱ्या हौशी मंडळींनी सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांपासून नदी राखण्याला हातभार लावला, हेही खरं. त्याच्या हौसेला मी उथळ म्हणणार नाही.

पण माशाच्या बाजूनंही कुणी बोललं पाहिजे. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये ट्राउटवरच एक प्रयोग केला. काही माशांच्या ओठांत मधमाशीचं विष टोचलं, काहींच्या ओठांत अ‍ॅसेटिक आम्ल. ते मासे जागच्या जागी झुलू लागले. आम्ल टोचलेले काही ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले. खाण्याकडे वळायला त्यांना बराच जास्त वेळ लागला. माशाला होतं ते आपल्यासारखं दुःख का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण ज्या ओठात आकडा रुततो त्या ओठाला काही कळत नाही, असं आता सहज म्हणता येणार नाही. स्वित्झर्लंडनं तर २००८ च्या नियमांत, सोडून देण्याच्याच हेतूनं मासा धरायला बंदी केली. जे आपण दयेचं लक्षण मानतो, तेच तिथं गुन्ह्यात बसलं.

आमच्या जिल्ह्यात हा विचार परका नाही. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, कारंज्यात जैनांच्या जुन्या गाद्या. अहिंसेची चर्चा इथं शतकानुशतकं चालली आहे. जैन आचार्यांनी गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. चूल पेटवताना, शेत कसताना, स्वतःचा बचाव करताना घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. पण ठरवून, हेतूनं केलेली संकल्पी हिंसा त्यानं सोडलीच पाहिजे. मासेमारीला हे शास्त्र उद्योगाची सवलत देत नाही. ती संकल्पीच. भोयाचा मुलगा म्हणून मला हे टोचतं, तरी त्यातली कसोटी मी नाकारत नाही. किती जीव गेले याच्या आधी हेतू काय होता, हे तिथं विचारलं जातं. आणि त्या कसोटीवर पुतण्याही सुटत नाही, कारण त्याचंही सगळं ठरवूनच चाललेलं असतं.

दुसऱ्या बाजूला महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध आहे. तपाचा गर्व झालेल्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकायला मिथिलेच्या मांसविक्याकडे जावं लागतं. व्याध आपल्या धंद्याचे गोडवे गात नाही. हे कर्म घोर आहे, असं स्वतःच म्हणतो. पण तो हेही दाखवतो की नांगर चालतो तेव्हा जमिनीतले असंख्य जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव असतो, आणि चालणाऱ्याच्या पायाखाली काय चिरडलं जातं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आमच्याकडे सोयाबीनवर फवारणी होते, त्यानंतरच्या पहिल्या पावसात ते औषध नाल्यातून नदीत उतरतं. मासा न खाणाऱ्याच्या ताटामागेही मेलेला मासा असू शकतो. मग कोरड्या हातांचा अभिमान कुणी धरावा?

या दोन्ही विचारांतून मी एका ठिकाणी येऊन थांबलो आहे. जाळ्यातला मासा तडफडावा अशी माझ्या भावाची इच्छा नसते. तो जितका लवकर शांत होईल तितकं बरं. पुतण्याच्या खेळाचं मोल मात्र त्या तडफडण्यातच आहे. मासा जितका झुंजेल, दोरी जितकी ओढेल, तितकी त्या दिवसाची गोष्ट मोठी होते. लगेच हाताशी आलेल्या माशाचं तो कौतुक करत नाही. म्हणजे एका जीवाचं भय हेच दुसऱ्याच्या आनंदाचं साधन झालं. शेवटी सोडून दिल्यानं ते भय झालंच नाही, असं होत नाही. शिवाय पोट भरलं की भूक थांबते. हौसेला अशी सीमा आपोआप पडत नाही.

माय माळकरी होती. जाळं विणायची, मासे विकायची, खायची मात्र नाही. आम्ही पोरं धरलेल्या झिंग्यांशी खेळायला लागलो की म्हणायची, “पोटासाठी मारलं त्याचं देव पाहून घेईन, पण जीवाचा तमाशा करू नोका.” बाबाही एक नेम पाळायचे. पावसाळ्यात मरळीची लालसर पिलं पाण्याच्या वर गोळ्यानं फिरतात आणि आईबाप खाली राखण करतात. त्या वेळी मरळ अगदी हाताशी असते, कारण ती पिलांना सोडून जात नाही. बाबा त्या पाण्यात गळ टाकत नसत. हाताशी आलेलं न धरणं ही मला खरी सोडवणूक वाटते. लीळाचरित्रात पारध्यांच्या भयानं आलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो आणि स्वामी त्याला अभय देतात. अभय द्यायचं तर भय आपण निर्माण केलेलं नसावं. आपणच फास घालायचा आणि आपणच सोडवायचं, याला अभय म्हणता येणार नाही.

म्हणून जाळं पवित्र ठरतं असं मी म्हणणार नाही. बोटाएवढी मासोळी अडकेल असं बारीक जाळं, विणीच्या दिवसांतली मासेमारी, पाण्यात टाकलेलं विष, हे आमच्या लोकांकडूनही घडतं आणि त्याला भुकेचं नाव देता येत नाही. भूक फक्त गरजेपुरतं माफ करते. गरज संपते तिथून पुढं भोई आणि हौशी एकाच रांगेत उभे राहतात.

माशावर प्रेम करायचं तर महाडजवळच्या वाळणकोंडीला जावं. तिथं वरदायिनी देवीच्या आश्रयानं डोहात मोठमोठे महसीर राहतात. लोक त्यांना देवीचे मासे मानतात, खाऊ घालतात, धरत नाहीत. मासा जवळ येतो तो खाण्यासाठी, आणि त्या खाण्यात गळ नसतो. पुतण्याची नजर, त्याचा धीर, किड्यांचं त्याचं ज्ञान, हे सगळं काठीशिवायही त्याच्याजवळ राहील, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “काकाजी, मग नदीशी माझं नातं काय उरलं?” मी म्हणालो, पाहणाऱ्याचं. नाही तर खाणाऱ्याचं. खाणाऱ्यानं आपल्यासाठी एक जीव गेला हे मान्य करून घास घ्यावा, आणि पाहणाऱ्यानं हात मागं ठेवावेत. दोन्ही नाती खरी आहेत, आणि दोन्हींत माणसाला काहीतरी द्यावं लागतं. त्याच्या खेळात ते सगळं एकट्या माशाला द्यावं लागतं.