कोणती शंका मिटली?

के२-१८बी या ग्रहावर जीवसृष्टीची खूण सापडल्याची बातमी एप्रिल २०२५मध्ये जगभर गेली, तेव्हा एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता: ९९.७ टक्के. सिंह राशीतला हा ग्रह आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर आहे. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदींत डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या भाऊबंदातल्या एका रेणूचा संकेत तीन सिग्मा पातळीवर मिळाल्याचे मांडले. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांमुळे हवेत येतो. तीन सिग्मा म्हणजे असा संकेत निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता ०.३ टक्के. उरलेले ९९.७ टक्के लोकांनी परस्पर जीवसृष्टीच्या खात्यावर जमा करून टाकले. शोधनिबंधातच सावधगिरीची वाक्ये होती, पण ती वाचली कोणी? पुढे इतर गटांचे आक्षेप आले, तेव्हा तीच मंडळी ‘हे शास्त्रज्ञ असेच’ म्हणून मोकळी झाली. भाबडेपणा आणि तुच्छता, दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे आणि तो दूर केल्याशिवाय या विषयावर बोलण्यात हशील नाही.

निरीक्षणावर घेता येणाऱ्या शंका दोन जातींच्या असतात. पहिली गोंगाटाची: जे दिसले ते खरोखर दिसले, की प्रकाशाच्या आणि यंत्राच्या चढउतारांत आपल्याला भास झाला? दुसरी पर्यायांची: जे दिसले ते आणखी कशामुळे दिसू शकते? सकाळी अंगण ओले दिसले, तर ते ओले आहे याची हवी तितकी खात्री करून घेता येते. पण रात्री पाऊस पडला की पहाटे कोणी सडा टाकला, हे त्या खात्रीतून कळत नाही. सिग्मा हे पहिल्या शंकेचे माप आहे. दुसरीबद्दल तो मुका असतो.

यावर एक प्रतिवाद होतो, आणि तो समंजस वाटतो म्हणूनच त्याचा समाचार घेतला पाहिजे. ‘तीन सिग्मा कमी पडतात, कबूल. वेबला आणखी १६ ते २४ तास द्या. पाच सिग्मा झाले की वाद मिटेल.’ म्हणजे शंका हा केवळ वेळेचा आणि पैशाचा प्रश्न आहे.

या म्हणण्याला याच ग्रहाने एकदा उत्तर दिलेले आहे. २०१९मध्ये हबल दुर्बिणीच्या नोंदींवरून दोन स्वतंत्र गटांनी के२-१८बीवर पाण्याची वाफ असल्याचे जाहीर केले होते. तेव्हाही मथळे झाले. सुमारे १.४ मायक्रॉन तरंगलांबीपाशी तारकाप्रकाश किंचित जास्त शोषला जात होता, आणि तिथे पाणी शोषण करते हे सर्वांना ठाऊक होते. पण तिथे मिथेनही शोषण करतो. २०२३मध्ये वेबने तरंगलांबींचा रुंद पट्टा पाहिला, तेव्हा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. पाण्याची खात्रीशीर खूण मिळाली नाही. हबलने पाहिलेले शोषण खोटे नव्हते, त्याचा लावलेला अर्थ बहुधा चुकला होता. हबलला त्याच अरुंद पट्ट्यात कितीही तास दिले असते, तरी चुकीच्या उत्तरावरचा विश्वास तेवढा वाढत गेला असता. हे लक्षात घेतल्यावर ‘आणखी तास’ हे उत्तर मला अपुरेच नव्हे, तर धोक्याचे वाटते.

२०२५च्या दाव्याचे तसेच आहे. दुसऱ्या अभ्यासकांना त्याच नोंदींत सपाट रेषाही, म्हणजे कोणत्याच रेणूची खूण नसणेही, चालून जाते असे दिसले. काहींनी शर्यतीत आणखी रेणू उतरवले, तर प्रोपाइनसारखे हायड्रोकार्बनही तितकेच जुळले. म्हणजे तीन सिग्मा हा आकडासुद्धा यादीत कोणाला प्रवेश दिला यावर अवलंबून होता. यावर समर्थक म्हणतात की असले रेणू त्या वातावरणात टिकणे रसायनशास्त्राला धरून नाही. हा मुद्दा वजनदार आहे आणि त्यावर जरूर भांडावे. मात्र हे भांडण दुसऱ्या शंकेच्या अंगणातले आहे. तिथे रसायनशास्त्र लागते, सिग्मा कामाचा नाही. शिवाय डायमिथाइल सल्फाइड नक्की ठरले, तरी जीवसृष्टी ठरत नाही: ६७पी धूमकेतूवर, जिथे प्लवक असण्याचा प्रश्नच नाही, रोझेटा यानाच्या नोंदींत हाच रेणू आढळल्याचे २०२४मध्ये मांडले गेले आहे.



दुसऱ्या शंकेशी कसे झुंजावे, हे पल्सारवाल्यांकडून, म्हणजे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या पल्सार ताऱ्यांचा वेध घेणाऱ्यांकडून शिकावे. २०२०मध्येच अमेरिकेतल्या नॅनोग्राव्ह गटाला अनेक पल्सारांच्या ठोक्यांत सामाईक संथ चढउतार ठळकपणे दिसले होते. गुरुत्वीय लहरी म्हणून डंका पिटता आला असता. त्यांनी तो पिटला नाही, कारण घड्याळातली चूक सर्व पल्सारांत सारखीच उमटते आणि ग्रहांच्या स्थानांच्या गणितातली चूकही सामाईक खूण सोडते. गुरुत्वीय लहरींची खूण वेगळी: दोन पल्सारांमधल्या आकाशातल्या कोनानुसार त्यांच्या ठोक्यांचा मेळ बदलतो. हेलिंग्स आणि डाउन्स यांनी तो आलेख १९८३मध्ये मांडून ठेवला होता. तो २०२३मध्ये दिसू लागला, तेव्हाही ‘पुरावा’ एवढाच शब्द वापरला गेला.

२०२३मध्ये असाच निष्कर्ष मांडणाऱ्या युरोपीय गटाबरोबर भारतीय पल्सार गट होता, आणि त्याची दुर्बीण जुन्नर तालुक्यातल्या खोडदची. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना गटांत विभागून एकच पल्सार एकाच वेळी ३०० ते ५०० आणि १२६० ते १४६० मेगाहर्ट्झमध्ये पाहतात. वाटेतल्या विरळ इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेची लहर जास्त रखडते. दोन्हींतला फरक मोजला की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांनी लावलेला उशीर कळतो आणि वजा करता येतो. या कामाचा मथळा होत नाही. पण गुरुत्वीय लहरीचा आव आणणारा एक प्रतिस्पर्धी त्यातून बाद होतो.

युरोपीय-भारतीय निष्कर्षही तीन सिग्माच्याच आसपास होता. आकडा तोच, पण वजन वेगळे. तिथे प्रतिस्पर्धी आधीच ओळखून त्यांच्या खुणा वेगळ्या करून ठेवल्या होत्या. के२-१८बीवर प्रतिस्पर्ध्यांची यादीच अपुरी होती. म्हणून टक्केवारीचा मथळा पुढे आला, तर वाचकाने विश्वास किंवा अविश्वास दाखवण्याची घाई करू नये. कोणती शंका मिटली आणि कोणते पर्याय बाद झाले, एवढे विचारावे. पर्यायांची यादी दिसत नसेल, तर पाच सिग्माचा दावाही अपुरा मानावा.