जोडाबरोबरचं सांगणं

कोल्हापूरजवळच्या एका गावात एक म्हातारा कारागीर चपला बनवायचा. गाव त्याला तात्या म्हणायचं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं तो आणायचा, तळ कापायचा, ठोकून घट्ट करायचा आणि चामड्याच्याच वादीने शिवायचा. खिळा कधी लावला नाही. पट्ट्यावरची वेणी त्याची बायको घालायची.

गिऱ्हाईक ओट्यावर बसलं की तात्या आधी त्याचा पाय बघायचा. मग जोड पायात चढवून सांगायचा, "पयल्यांदा आवळंल, पण मोठं माप घिऊ नगा. चार दिस घरातच घाला. तेलाचा हात फिरवा. मग पायाची आन् हिची वळख हुती." ऐन पावसाळ्यात कुणी आलं तर म्हणायचा, "पावसात घालणार असाल तर आता नगं. दिवाळीला या." गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जायचं आणि दिवाळीला खरोखरच यायचं.

त्याच गल्लीतला एक तरुण शहरात शिकून परत आला. तात्याच्या ओट्याला महिनोन् महिने नवं गिऱ्हाईक दिसेना, याचं त्याला वाईट वाटायचं. "तात्या, तुमच्या चपला मी मोबाइलवरून विकतो," तो म्हणाला. तात्या म्हणाला, "वीक बाबा."

तरुणाने मेहनत घेतली. चांगल्या उजेडात फोटो काढले, कुरिअरशी भाव ठरवला. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात, हेही त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं. पुण्यातून, नागपुरातून, बेंगळुरूहून ऑर्डरी येऊ लागल्या. तात्याच्या ओट्यावर खोक्यांची चळत लागली.

मग खोकी परत येऊ लागली. 'माप लहान.' 'फोटोतला रंग वेगळा.' 'भिजल्यावर तळ सुटला.' परत आलेल्या प्रत्येक जोडाचं जाण्याचं भाडंही तरुणाच्या अंगावर आणि येण्याचंही. महिनाअखेर त्याने हिशेब मांडला आणि परत आलेल्या जोडांचे पैसे तात्याच्या मजुरीतून कापले. तात्या काही बोलला नाही. त्याच्या बायकोने पैसे मोजले, पुन्हा एकदा मोजले आणि वेणी हातात घेतली.

एक दिवस 'माप लहान' म्हणून आलेला जोड तात्याने उचलला. अंगठ्याच्या कडीत बोट घालून त्याने ती तरुणापुढे धरली. कडीवर एक सुरकुतीसुद्धा नव्हती.

"ही पायात ऱ्हायलीच न्हाई. घातली आन् काढली. पयल्यांदा आवळतीया, हे त्या माणसाला कुणी सांगितलं हुतं का?"

तरुण गप्प झाला. चप्पल कुठली, हे त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. ती कशी घालायची, हे एकालाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो वही घेऊन तात्याशेजारी बसला. तात्या गिऱ्हाइकाला जे जे सांगेल ते त्याने लिहून घेतलं, आणि रात्री तेच चपलेच्या फोटोखाली घातलं. कागदावर पाय ठेवा, पेन्सिलीने कड काढा, लांबी-रुंदी मोजून कळवा. पहिले काही दिवस चप्पल आवळेल. कातडं हाताने कमावलेलं आहे, रंगात थोडा फरक पडेल. पावसात वापरायची असेल तर घेऊ नका. हाच मजकूर छापून त्याने प्रत्येक खोक्यात चिठ्ठी टाकली.

मित्र म्हणाला, "'घेऊ नका' असं कुणी लिहितं का? धंदा बुडेल." विक्री खरंच घटली. पावसाळ्यात तर ओटा रिकामाच होता. रात्री हिशेब मांडताना तरुणाचा धीर सुटायचा, पण लिहिलेलं त्याने पुसलं नाही.

दिवाळीच्या आधी ऑर्डरी आल्या, आणि त्यांत पावसाळ्यात चौकशी करून थांबलेली माणसं होती. कुणी स्वतःसाठी घेतलेला जोड पसंत पडला म्हणून वडिलांसाठी दुसरा मागवला. परत येणारी खोकी कमी झाली. पुढच्या वर्षी गल्लीतल्या आणखी काही घरांना काम मिळालं, आणि शहरात नोकरी शोधायला निघालेला तात्याचा पुतण्या तळ कापायला बसला.

ओट्यावर माल आणि सांगणं गिऱ्हाइकाला एकदमच मिळत होतं. मोबाइलवरून माल तेवढा गेला आणि सांगणं मागे राहिलं. ते पोचवायचं काम तरुणाचं होतं, आणि त्याने ते केलं नाही म्हणून मजुरी मात्र तात्याची कापली गेली होती. हे त्याला उमगलं तेव्हा त्याने जुनी हिशेबाची वही काढली आणि कापलेला पैसा न पैसा तात्याच्या बायकोच्या हातावर ठेवला. तेव्हापासून परत आलेल्या जोडाचा खर्च धंद्याच्या खात्यात पडतो, कारागिराच्या मजुरीतून एक रुपयाही जात नाही.