छपराचा कठडा आणि कामगाराचा विमा



१ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफ ह्यांचा सण साजरा करतो. पोप पायस बारावे ह्यांनी १९५५ साली तो सुरू केला. त्या दिवशी आपण कामगारांसाठी प्रार्थना करतो. आज मात्र आम्हांला मालकांशी थोडे बोलायचे आहे. आपल्या धर्मग्रामात कुणाचा गाळा आहे, कुणी बांधकामाचे ठेके घेतो, कुणाची बेकरी आहे, कुणी मंडप घालतो. हाताखाली चार-सहा माणसे असतात. त्यांतील एकाचा हात मशीनमध्ये गेला किंवा एक जण परांचीवरून पडला, तर त्याच्या घराचे काय?

"फादर, आमची माणसे आम्हांला घरच्यासारखी आहेत. काही झाले तर आम्ही बघू!" असे बहुतेक मालक सांगतात. हे मनापासूनचे असते, ह्यात शंका नाही. पण 'बघू' म्हणजे किती? १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याखाली २०२० पासून चालत आलेल्या हिशेबाने, महिना पंधरा हजार पगाराचा तीस वर्षांचा कामगार कामावर दगावला तर भरपाई होते १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. चार माणसांचा गाळा चालवणारा ही रक्कम कुठून आणणार? दागिने मोडणार की जमीन विकणार? पाळण्याची ऐपत नसताना दिलेला शब्द कितीही प्रेमाचा असला, तरी त्या विधवेच्या घरची चूल त्यावर पेटत नाही.

दुसरे असे की, 'आम्ही बघू' ही दया आहे. येथे प्रश्न न्यायाचा आहे. ज्याचे जे आहे ते त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. शुभवार्तेतील दयाळू शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला उचलले, कारण त्याचे मन द्रवले. तो वाटसरू काही त्याच्या कामासाठी निघाला नव्हता. आपला कामगार मात्र आपल्याच कामासाठी परांचीवर चढलेला असतो. त्याच्या कुटुंबाला मिळायचे ते आपल्या दारात हात जोडून नव्हे, तर हक्काने मिळाले पाहिजे.

"पण चूक त्याचीच होती, त्याने हेल्मेट घातले नव्हते," असेही म्हटले जाते. दिवसाला हजार वेळा तोच दांडा ओढणाऱ्या माणसाचा हात एखादे वेळी चुकणारच. नऊशे नव्व्याण्णव वेळांचा नफा मालकाचा आणि एका वेळेचे नुकसान फक्त कामगाराचे, ही कुठली वाटणी? म्हणूनच मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर कामगाराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून मालकाला सुटता येत नाही, असे ह्या कायद्याने ठरवले. 'भरपाई मागणार नाही' असे कामगाराकडून लिहून घेतले तरी तो कागद रद्द ठरतो. आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराच्या माणसांकडून करून घेतले, तरी जबाबदारी आपल्यावर येते. ह्या कायद्याचा विषय आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे आणि ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

दहा किंवा अधिक माणसे असतील तेथे ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांना सहसा ईएसआयचे संरक्षण असते. त्याहून लहान धंद्यांनी मात्र विमा कंपनीकडून कामगार भरपाईची पॉलिसी घेतली पाहिजे. हप्ता एकूण पगार आणि कामाचा धोका पाहून ठरतो. हप्ता वाचवण्यासाठी सहा माणसे असताना तीनच दाखवू नयेत. औषधपाण्याचा खर्च पॉलिसीत धरला आहे का, तेही विचारून घ्यावे.

"एवढा खर्च धरला तर आमचा दर वाढतो आणि काम दुसऱ्याला जाते." ही अडचण खरी आहे. पण आपण हप्ता भरला नाही म्हणून धोका नाहीसा होत नाही. तो फक्त आपल्या वहीतून निघून कामगाराच्या बायकोच्या पदरात पडतो. आपला स्वस्त दर तिने भरायचा का? कामगाराला अपघातविम्याचा हक्क आहे, असे पोप संत जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' ह्या परिपत्रकात स्पष्ट सांगितले आहे.

जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात (२२:८) एक आज्ञा आहे: नवे घर बांधशील तेव्हा छपराला कठडा कर, म्हणजे कुणी पडला तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. कुणी पडल्यावर रडायला ये, असे तेथे म्हटलेले नाही. पडण्याआधीच काळजी घे, असे म्हटले आहे. मशीनला जाळी आणि उंचीवर पट्टा हा पहिला कठडा. विमा हा दुसरा. एक असला म्हणून दुसरा नको, असे नाही.

हाच नियम चर्चलाही लागू आहे. सणाआधी चर्चच्या छपरावर रंग द्यायला चढणारा माणूसही कुणाचा तरी बाप असतो.

येत्या आठवड्यात आपल्या हाताखालची माणसे मोजा, त्यांची नावे आणि वये लिहून काढा आणि विमा प्रतिनिधीला बोलावून घ्या. संत योसेफ आपल्या सर्वांच्या श्रमांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपले,
प्रमुख धर्मगुरू