दोन्ही गालांचं वय एकच

माझी मावशी माळकरी. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते आणि हळदीतलं कुरकुमीन कातडीत पोचवायच्या खटपटीत असते, हे तिला ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय वाचून झाला की तिचा प्रश्न ठरलेला : “अगं, माउली म्हातारपण यायच्या आधीच ते नीट बघून घ्या म्हणतात. आणि तू त्यावर लेप लावतेस?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिथलं जरेचं वर्णन वाचताना अंगावर येतं, आणि ते यावं म्हणूनच केलेलं आहे. पुढचं दिसलं की माणूस देहात गुंतत नाही. सुरकुती झाकली तर दिसायचं काय?

पण सगळ्याच सुरकुत्या काळाच्या नसतात. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं तो मालाचा ट्रक चालवत होता. खिडकीकडच्या डाव्या गालाची कातडी जाड, लोंबलेली, खोल घड्यांची. उजवा गाल बराच नीट. वय दोन्हींचं एकच. फरक केला तो उन्हातल्या यूव्हीए किरणांनी. ते काचेतून येतात, कातडीच्या आतल्या थरात शिरतात आणि तिथली कोलॅजेन तोडणारी विकरं वाढवतात.

सुश्रुतानं ही वाटणी केव्हाच करून ठेवली आहे. भूक, तहान, झोप, जरा, मृत्यू हे सगळं स्वाभाविक, पण त्यातही दोन प्रकार : जपूनही येतं ते कालज, न जपल्यानं येतं ते अकालज. माझं काम दुसऱ्या खात्यातलं, असं मी मावशीला सांगते.

झाडाला तर सावलीत सरकताही येत नाही. म्हणून पानाच्या वरच्या थरात फ्लॅव्होनॉइड साठवून ते अतिनील किरण अडवतं; पान मात्र वेळ झाली की गळतंच. आपण अशी द्रव्यं झाडांकडून घेतो खरी, पण ती नाजूक. कुरकुमीन पाण्यात विरघळत नाही आणि उजेडात विघटित होतं. उन्हापासून राखायला निघालेलं द्रव्य उन्हातच टिकत नाही! म्हणून सोयाबीनच्या लेसिथिनचे सूक्ष्म गोळे, म्हणजे लायपोसोम करायचे आणि त्यांच्या स्निग्ध भिंतीत ते बसवायचं. एवढं करूनही ते सनस्क्रीनची जागा घेत नाही, फार तर जोड देतं. बाटल्यांवर मात्र ‘वय थांबवा’ असं छापलेलं असतं. इथं मी पूर्णपणे मावशीच्या बाजूची. कालज जरेवर उतारा म्हणून काहीही विकणं ही लबाडी आहे.

तिचा दुसरा प्रश्न मला जास्त बोचतो : “घेणार कोण गं हे?” घेणाऱ्या बहुतेक सावलीत बसणाऱ्या. ऊस तोडणाऱ्या बाईचा चेहरा ऐन तारुण्यात रापतो, तिच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. तिचं म्हातारपण सुश्रुताच्या हिशेबानं अकालज, आणि न जपण्याचा दोष तिचा नाही. तिला देहाच्या नश्वरतेचं कीर्तन ऐकवणं मला अधर्म वाटतो. फडावर दुपारची सुट्टी, सावलीला छप्पर, रुंद कडांची टोपी आणि साधं सनस्क्रीन कारखान्यांनी आधी द्यावं. हळदीचे लायपोसोम मागाहून आले तरी चालतील.