गरिबांची नाव

सूरह कहफमधील हजरत मूसा (अ.) आणि हजरत खिज्र (अ.) यांच्या प्रवासाचा वृत्तांत आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. ज्या नावेतून प्रवास केला, तिचेच खिज्र (अ.) यांनी नुकसान केले. मूसा (अ.) अस्वस्थ झाले. उलगडा ७९व्या आयतीत होतो : पुढे एक राजा होता आणि तो प्रत्येक नाव बळजबरीने हिसकावून घेत होता. सदोष नाव मात्र मालकांकडेच राहणार होती.

या आयतीत नाववाल्यांची ओळख अगदी थोडक्यात येते. ते गरीब होते आणि समुद्रावर कष्ट करून पोट भरत होते. त्यांचा वंश कोणता, ते कोणत्या राज्याचे प्रजाजन होते, याबद्दल आयत काहीच सांगत नाही. त्यांच्या रक्षणासाठी तेवढी ओळख पुरेशी ठरली.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी यमनच्या हूतींनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतले. त्याच्या मालकीचा संबंध एका इस्रायली उद्योगपतीशी होता आणि ही कारवाई गाझासाठी असल्याचे सांगितले गेले. गाझातील संहाराने कोणाचे काळीज जळत नाही? म्हणूनच हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. जहाजावर २५ खलाशी होते. बहुतेक फिलिपीन्सचे, काही बल्गेरिया, रोमानिया, युक्रेन आणि मेक्सिकोचे. त्यांची सुटका २२ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे चौदा महिन्यांनी झाली. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावरील क्षेपणास्त्र हल्ल्यात तर तीन खलाशी प्राणास मुकले. गाझावर बॉम्ब टाकणाऱ्यांत यांपैकी एकही नव्हता.

आपल्या रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत हे समजावून सांगावे लागू नये. तेथे कितीतरी घरांतला मुलगा किंवा जावई जहाजावर असतो. खलाशी करारावर सही करतो ती घर चालावे म्हणून. मालकाच्या मालकाचे राजकारण त्याला कोण सांगतो? सूरह माइदाच्या ८व्या आयतीत एखाद्या समूहाचे वैरदेखील श्रद्धावंताला अन्यायाकडे नेऊ नये, अशी ताकीद आहे. ही ताकीद वैर खरे असतानाच लागू पडते. वैर नसेल तेथे तिची गरजच काय?

रक्षण करणाऱ्यालाही हीच मर्यादा आहे. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ इटलीच्या एका तेलवाहू जहाजावरील सैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या. मेले ते दोन भारतीय मच्छीमार. ते देखील समुद्रावर कष्ट करणारे गरीबच होते.

सोमालियाचेही गाऱ्हाणे खोटे नव्हते. १९९१ मध्ये तेथील राज्यव्यवस्था कोसळली आणि परदेशी ट्रॉलर त्यांच्या समुद्रातील मासळी ओरबाडू लागले. पण मासळी चोरणारा एक आणि खंडणीसाठी डांबलेला दुसरा, याला न्याय म्हणता येत नाही. वाटमारी करून लोकांत दहशत पसरविणे, ज्याला फिक्हमध्ये हिराबा म्हणतात, त्याच्या शिक्षा सूरह माइदाच्या ३३व्या आयतीत अत्यंत कठोर आहेत. अनेक फकीहांनी जमिनीवरील वाटमाऱ्यांबरोबर समुद्रावरील लुटारूही त्यात धरले. पुढच्याच आयतीत, पकडले जाण्यापूर्वी तौबा करणाऱ्यासाठी अल्लाहने दार उघडे ठेवले आहे.

मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने 'रुएन' हे जहाज सोडविले. ३५ चाचे शरण आले, त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले. डिसेंबरपासून ओलीस असलेले म्यानमार, बल्गेरिया आणि अंगोलाचे १७ खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांनी पकडले जाण्यापूर्वी तौबा केली असती, तरी फकीहांच्या मते ती अल्लाहच्या हक्कापुरतीच ठरली असती. माणसांचा हक्क, म्हणजे लुटलेला माल आणि सांडलेले रक्त, तिने फिटत नाही. त्या १७ जणांची तीन महिन्यांची भीती कोणत्या मापाने मोजायची, हे मला सांगता येत नाही. ती माफ करायची की नाही, हे मात्र त्यांनीच ठरवायचे.