टेकाडांच्या गर्दीत

फोनवर निळा ठिपका दिसत असताना हातात कागद घेऊन रानात कशाला धावायचं? ओरिएन्टियरिंगचं नाव काढलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा निकाल आधीच दिलेला असतो. तरीही प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही.

खेळ थोडक्यात सांगता येतो. नकाशा, होकायंत्र आणि ठरलेल्या क्रमाने शोधायचे नारिंगी-पांढरे झेंडे, ज्यांना कंट्रोल म्हणतात. दोन कंट्रोलमधली वाट ज्याची त्याने निवडायची. पहिली जाहीर स्पर्धा १८९७ साली नॉर्वेत झाली, पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६६ साली फिनलंडमध्ये.

त्या प्रश्नाचा खरा कस समुद्रकाठी लागतो. स्कॉटलंडच्या ईशान्येला, मरे फर्थच्या किनाऱ्यावर कुल्बिनचं जंगल आहे. वाळूच्या टेकड्यांवर पाइन वृक्ष उभे आहेत. इथली एक उंच टेकडी ‘हिल ९९’ नावानेच ओळखली जाते, कारण तिची उंची ९९ फूट, म्हणजे जेमतेम तीस मीटर. लांबून पाहणाऱ्याला हे रान सपाटच वाटेल. रस्ता सोडून आत शिरलं की मात्र टेकाड, खळगा, पुन्हा टेकाड, आणि सगळी एकाच आईची लेकरं. पाणी वाळूत मुरतं, त्यामुळे ओढ्याचा आधार नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्याला सोंड, घळ, खिंड हे शब्द पाठ असतात. इथेही सोंडा आहेत, घळी आहेत, पण दोन पुरुष उंचीच्या. पाच मीटरच्या समोच्चरेषांत त्यातलं बरंच निसटून जातं. म्हणून अशा भूभागाच्या नकाशात अनेकदा अडीच मीटरच्या रेषा काढतात आणि कागद तपकिरी रेषांच्या गुंत्याने भरून जातो.

ठिकाण माहीत असणं वेगळं आणि जागा ओळखीची असणं वेगळं. निळा ठिपका ठिकाण सांगतो. जागेची ओळख तो करून देत नाही. धुक्यात वाट हरवलेल्या माणसाला ठिकाणच हवं असतं, तिथे फोन जीव वाचवतो आणि त्याबद्दल वाद नाही. स्पर्धेचंही तंत्रज्ञानाशी वैर नाही. मोठ्या स्पर्धांत धावपटूच्या अंगावर जीपीएस असतं आणि त्याचा ठिपका प्रेक्षक पडद्यावर पाहतात. तो दिसत नाही तो फक्त धावणाऱ्याला.

पण जागा ओळखीची व्हायची तर आधी ती जागच्या जागी राहायला हवी. इथे कुल्बिनची वाळू आठवते. १६९४च्या वादळात तिने अख्खी जहागीर गिळली. पुढच्याच वर्षी स्कॉटिश संसदेने टेकड्यांवरचं गवत उपटायला कायद्याने मनाई केली, कारण वाळूला धरून ठेवणारी मुळं त्या गवताचीच होती. विसाव्या शतकात वनखात्याने उघड्या वाळूवर फांद्या अंथरल्या आणि त्यांच्या आडोशाला पाइन लावले. सरकणारी जमीन जागच्या जागी थांबली. मोकळ्या वाळूचा बारीक नकाशा काढला तर वारा तो जुना करून टाकतो. धावपटूच्या हातातला कागद उपयोगी आहे, त्यामागे त्या झाडांचे कष्ट आहेत.

मग नकाशावाल्यांची नेहमीची बाजू मांडावीशी वाटते: फोन माणसाला आंधळा करतो, नकाशा सगळं पाहायला शिकवतो. वाळूच्या टेकड्यांत हे टिकत नाही. इथे सगळं पाहणारा माणूसच हरवतो. प्रत्येक टेकाड कागदाशी ताडून पाहत गेलं तर चौथ्या-पाचव्या टेकाडाला मन घाई करतं. समोरचा खळगा हवा तो नसला तरी तोच आहे असं ठरवून टाकतं. मग शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या घळीत झेंडा शोधणं सुरू होतं. या खेळात त्याला समांतर चूक म्हणतात. कसलेला धावपटू कागदावरचं बहुतेक सगळं सोडून देतो. एक लांब वरंबा, त्याच्या टोकाला मोठा खड्डा, तिथून उजवीकडे तिसरं टेकाड. एवढंच मनात धरून तो मधली गर्दी ओलांडतो.

म्हणजे गाळणं दोन्हीकडे आहे. फोनही बाकीचं जग गाळूनच ठिपका दाखवतो. फोनवाल्याचा आक्षेप निम्मा तरी मान्य करावा लागतो: नकाशा म्हणजे काही जास्त पाहणं नव्हे. फरक एवढाच की काय सोडायचं हे कुल्बिनमध्ये धावणाऱ्यालाच ठरवावं लागतं, तेही धाप लागलेली असताना. आणि ठिकाण कळणं आणि जागा ओळखणं यांतलं अंतर त्या निवडीतच पडतं. जी खूण आपण निवडली तीच ओळखीची होते.

शर्यत संपल्यावर अंतिम रेषेपलीकडे गवतावर नकाशे उघडतात. आपापली वाट पेनाने काढली जाते. एकाच कंट्रोलवर पोचलेले दोघं वाद घालतात. एक म्हणतो, वरंबा धरून आलो. दुसऱ्याला तिथे वरंबा दिसलेलाच नसतो, तो खड्ड्यांच्या रांगेवरून आलेला असतो. दोघं एकाच कागदावर बोट ठेवून पुन्हा पाहू लागतात.