मुक्या रोग्याचा खोकला

काही प्रश्न इतके क्षुद्र दिसतात की, ते सुशिक्षित वाचकांपुढे मांडावयास संकोच वाटावा. म्हाताऱ्या कुत्र्याला दोन-तीन महिने खोकला आहे. त्याचे कारण शोधून काढावे, की त्याचे उरलेले दिवस जमतील तितके सुखाचे करून स्वस्थ बसावे, हा तसाच एक प्रश्न होय. परंतु याच प्रश्नात ज्ञान आणि दया यांचा परस्परसंबंध काय, हा फार जुना वाद दडलेला आहे. आणि रोगी मुका असल्यामुळे तो वाद येथे नेहमीपेक्षा अधिक उघडा पडतो.

माझे एक स्नेही, निवृत्त प्राथमिक शिक्षक, भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातील गोसीखुर्दच्या परिसरात राहतात. वैनगंगेवरील तेथील धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली. पुढे जलाशय भरू लागला, तशी गावेच्या गावे उठून नव्या जागी गेली. गुरुजींचे घरही त्यांतलेच. त्यांच्यापाशी पामेरियन जातीचा बारा वर्षांचा कुत्रा आहे. तो रात्री आणि आनंदाच्या भरात, म्हणजे दारी कोणी ओळखीचे आले की, कोरडा, कर्कश खोकतो आणि शेवटी घशातून काही बाहेर काढावे तशी ओकारी देतो. शेजाऱ्यांनी तीन निदाने केली. एकाच्या मते घशात हाड अडकले आहे. दुसऱ्याच्या मते हा सारा धरणाच्या दमट हवेचा प्रताप. कारण धरणापूर्वी या गावची कुत्री खोकत नव्हती. तिसऱ्याने, आणि त्याच्या बाजूला बहुमत होते, ‘आता वय झाले’ असे सांगून विषय संपविला.

या तिसऱ्या निदानाविषयी मला विशेष राग आहे. वय हे कारण नव्हे. कारणाला सवड देणारा तो काळ आहे. झडप झिजते, नळीची कूर्चा मऊ पडते, गाठ वाढते, या घटना वयात घडतात; वय स्वतः खोकत नाही. तरी हे उत्तर लोकप्रिय आहे, कारण ते उत्तराचे रूप घेऊन चौकशीतून सुटका देते. आपण घरातील वृद्ध माणसांविषयीही हेच बोलतो आणि त्यांना ते ऐकू जाते. कुत्र्याच्या बाबतीत निदान तेवढी लाज आपणांस वाचते.

कार्यावरून कारणाकडे जाण्याची वाट किती निसरडी आहे, हे आपल्या नैयायिकांना चांगले ठाऊक होते. नदीला पूर आलेला पाहून वर पाऊस पडला असावा, हे त्यांचे प्रसिद्ध अनुमान. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या अनुमानावर आक्षेप घेतला आहे तो असा की, नदी पावसानेच फुगते असे नाही. पुढे प्रवाह अडविला तरीही ती फुगते. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्याला या आक्षेपाचे स्पष्टीकरण द्यावयास नको. एकही ढग नसता पाणी चढताना त्याने पाहिले आहे. या आक्षेपाला दिलेले उत्तर मात्र अधिक मोलाचे आहे. पावसाचा पूर आणि तुंबलेले पाणी हे एकच कार्य नव्हेच. पुराच्या पाण्याला ओढ असते, फेस असतो, ते पाने, फळे, लाकडे वाहून आणते. म्हणजे दोष अनुमानाचा नाही, अर्धवट पाहणाऱ्याचा आहे. जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या १८४३ च्या तर्कग्रंथात एकाच कार्याला अनेक कारणे संभवतात हे सांगितले. पण कार्याकडेच अधिक बारकाईने पाहा, हा आमच्या भाष्यकारांचा सल्ला पशुवैद्याला जास्त उपयोगी पडेल असे मला वाटते.

कारण खोकला हेही असेच एक ‘फुगलेले पाणी’ आहे. लहान जातीच्या वृद्ध कुत्र्यांत हृदयाच्या डाव्या बाजूची झडप पुष्कळदा झिजते. रक्त पुढे जाण्याऐवजी काहीसे मागे परतते, वरचा कप्पा फुगतो आणि शेजारच्या श्वासनलिकेवर दाब येतो. दोष फार वाढला तर फुप्फुसांत पाणी साचते. त्याच जातींत श्वासनलिकेच्या कूर्चेची कडी सैल होऊन नळी श्वासागणिक चपटी होते, आणि मग हंसाच्या ओरडण्यासारखा खोकला येतो. शिवाय श्वासनलिकांचा जुना दाह, फुप्फुसाचा ज्वर, गाठ, आणि डासांच्या चाव्यातून शिरून हृदयाजवळच्या रक्तवाहिन्यांत वाढणारे कृमी आहेतच. जलाशयाला दोष देणारा शेजारी या शेवटच्या वाटेने अगदीच चुकला नसता. पण ‘नंतर’ म्हणजे ‘त्यामुळे’ हे त्याने गृहीत धरले होते. हाडाची कल्पना तर खोकल्याच्या शेवटी येणाऱ्या ओकारीनेच निर्माण केली होती, आणि ती ओकारी कुत्र्यांच्या अनेक खोकल्यांत येते.

येथे कोणी म्हणेल, कारण कोणतेही असो, खोकल्याचे औषध द्यावे. परंतु नळी चपटी होत असेल तर खोकला दाबणे हा उपकार होईल. फुप्फुसाचा दाह असेल तर खोकला हाच आतील घाण बाहेर टाकणारा सेवक आहे, त्याला दाबणे अपकार होईल. लघवी वाढविणारे औषध फुप्फुसातील पाणी उतरवून जीव वाचवील. नळीच्या रोगात ते म्हाताऱ्या शरीराला नुसते कोरडे करील. तेव्हा दया आंधळी असून चालत नाही. संत नामदेव भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आहे. त्यांना निदान काय कमी आहे हे ठाऊक होते. आपल्या हातात कोणती वाटी आहे, तूप की विष, हे आपणांस पाहावे लागते.

मग शोध किती दूर न्यावा? माझ्या मते येथे एकच प्रश्न विचारावा: या तपासाच्या उत्तराने आपण करणार ते काही बदलेल काय? बदलणार असेल तर तपास कुत्र्याचा आहे. बदलणार नसेल तर तो आपला आहे, मग त्याला जिज्ञासा म्हणा की पुढे मनाला टोचणी नको म्हणून केलेली तरतूद म्हणा. मनुष्यरोगी आजचे कष्ट उद्याच्या आशेने सोसतो. कुत्र्याला उद्या दाखविता येत नाही. त्याला गाडी, अनोळखी हात आणि धन्याची अनुपस्थिती एवढेच कळते. देकार्तने पशूंना यंत्रे मानून हा पेच मुळातच उडवून लावला होता. बेंथमने ते दुःख भोगू शकतात काय, असे विचारून तो पुन्हा आपल्या गळ्यात घातला. मला बेंथमचे पटते, आणि म्हणूनच प्रेमाने केलेला निरुपयोगी तपास हेही क्रौर्यच होय असे म्हणणे मला भाग पडते.

सुदैवाने पहिल्या पायऱ्यांना कष्ट नाहीत. झोपलेल्या कुत्र्याचे मिनिटाचे श्वास घड्याळ लावून मोजावेत. ते नित्य तिसाच्या आत असतील तर फुप्फुसांत पाणी साचले असण्याचा संभव फार कमी. गुरुजींनी दहा रात्री मोजले. वीस-बावीसच्या वर ते गेले नाहीत. तालुक्याच्या पशुवैद्यांना हृदयात मर्मर ऐकू आली, आणि येथे घाई करणारा ‘हृदयरोग’ म्हणून मोकळा झाला असता. परंतु मर्मर आणि खोकला एका शरीरात असणे म्हणजे एकाने दुसरा घडविणे नव्हे. नागपुरास क्ष-किरणाचे चित्र काढले, त्यात हृदय फारसे वाढलेले नव्हते आणि मानेतील नळी अरुंद दिसली. पुढची पायरी म्हणजे भूल देऊन दुर्बिणीने श्वासनलिका पाहणे आणि धुऊन नमुना घेणे. ती गुरुजींनी नाकारली. त्या वयात भुलीचा धोका होता, आणि उपाय तर सांगितलेलेच होते: गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, वजन उतरविणे, चुलीच्या धुरापासून दूर ठेवणे आणि गरजेपुरते खोकला शमविणारे औषध. मला त्यांचा नकार योग्य वाटतो.

एका आक्षेपाला मात्र मजजवळ पुरते उत्तर नाही. त्याच गल्लीत चुलीपुढे जन्म काढलेली एक वृद्धा खोकते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयासाठी थुंकी तपासावी, असा सरकारी कार्यक्रमाचा नियम आहे. पण तिला तपासावयास कोणी नेले नव्हते, आणि कुत्रा मात्र नागपूर पाहून आला. लक्ष हे काही मोजके धान्य नव्हे की कुत्र्याला दिले म्हणून म्हातारीला कमी पडावे. पैसा मात्र तसा आहे, आणि गाडीचे भाडे पैशातूनच जाते. हे मी गुरुजींस बोलून दाखविले. ते म्हणाले, “खरे आहे. पण कुत्र्याला ‘वय झाले’ म्हणणाऱ्यांत तिचा मुलगाही होता.” नंतर त्या मुलाशी ते बोलले, असे त्यांच्या पत्रावरून कळते, थुंकीची तपासणी झाल्याचे अद्याप त्यात नाही. कुत्र्याचा गळपट्टा निघाला आहे, आणि पहाटेचा खोकला पूर्वीपेक्षा कमी, पण चालू आहे.